फिटच्या गोळ्या: किती लागू पडतात, किती सोसतात आणि कुठे चुकतं

रसशाळा (धागाकर्ता)

फिट येणाऱ्या माणसाच्या घरचे दोन प्रश्न हटकून विचारतात. गोळ्यांनी फिट थांबतील का? आणि इतकी वर्षं गोळ्या खाऊन डोकं, लिव्हर खराब तर होणार नाही ना? उत्तरं औषधागणिक आणि माणसागणिक बदलतात, तरी यातलं बरंच पक्कं ठाऊक आहे. ते एका जागी यावं म्हणून हा धागा. गोळी सुरू करणं, बदलणं, बंद करणं हे आपल्या न्यूरॉलॉजिस्टला विचारूनच करायचं. त्यांना नेमकं काय विचारायचं, ते इथे सापडावं.

आधी फिट थांबण्याबद्दल. नव्याने निदान झालेल्या ४७० रुग्णांचा ग्लासगोमधला पाठपुरावा क्वान आणि ब्रॉडी यांनी २००० साली प्रसिद्ध केला. पहिल्याच औषधावर ४७ टक्के लोकांच्या फिट थांबल्या. पहिलं जमलं नाही म्हणून दुसरं दिलं, तेव्हा आणखी १३ टक्क्यांच्या. तिसरं औषध किंवा दोन औषधं एकत्र देऊन जेमतेम ४ टक्क्यांची भर पडली. त्याच केंद्राने २०१८ मध्ये १,७९५ रुग्णांचे आकडे दिले. मधल्या काळात कितीतरी नवी औषधं बाजारात आली होती, तरी फिट पूर्ण थांबलेल्यांचं प्रमाण ६४ टक्क्यांच्या आसपासच राहिलं.

या आकड्यांचा सरळ अर्थ असा की पहिल्या दोन औषधांची निवड आणि ती घेण्याची रीत यांवर जवळजवळ सगळं ठरतं. आंतरराष्ट्रीय अपस्मारविरोधी संघटनेने (अपस्मार म्हणजे वारंवार फिट येण्याचा आजार) २०१० मध्ये व्याख्या केली: योग्य निवडलेली, सोसणारी दोन औषधं पुरेशा डोसमध्ये देऊनही फिट थांबल्या नाहीत, तर तो औषधांना दाद न देणारा अपस्मार. अशा वेळी तिसरी-चौथी गोळी वाढवत वर्षं घालवू नयेत. व्हिडिओ ईईजी (व्हिडिओसोबत मेंदूच्या लहरींची नोंद) आणि अपस्मारासाठीचा खास एमआरआय करणाऱ्या केंद्रात जाऊन शस्त्रक्रियेचा विचार होतो का, हे तपासून घ्यावं. चाळिशीत शस्त्रक्रियेला आलेल्या माणसाची शाळा, नोकरी, लग्न सगळं फिटमध्येच गेलेलं असतं, आणि ती शस्त्रक्रिया विशीत होऊ शकली असती असं कागदपत्रं पाहून कळतं.

मेंदूवाट

चांगली सुरुवात. "योग्य निवडलेली" या दोन शब्दांवर थोडं थांबू या. पुष्कळदा औषध कुचकामी नसतं, चुकीच्या प्रकारच्या फिटला दिलेलं असतं.

नेहमीचं उदाहरण म्हणजे किशोरवयात सुरू होणारा मायोक्लोनिक अपस्मार. सकाळी उठल्यावर तासाभरात हाताला हिसका बसतो, कप किंवा दात घासायचा ब्रश हातातून उडतो. घरचे म्हणतात धांदरट आहे, आणि डॉक्टरांना कुणी हे सांगत नाही. मग एक दिवस जागरणानंतर मोठी फिट येते. दवाखान्यात फक्त मोठ्या फिटची नोंद होते आणि फेनिटॉइन किंवा कार्बामॅझेपिन सुरू होतं. या दोन्हींनी हिसके आणि क्षणभर भान हरपण्याचे झटके वाढू शकतात. मग डोस वाढतो, हिसके आणखी वाढतात, आणि "दाद न देणारा अपस्मार" असा शिक्का बसतो. औषध बदललं की बहुतेकांचं चित्र पालटतं.

म्हणून डॉक्टरांकडे जाताना तीन गोष्टी सांगाच: सकाळी हिसके बसतात का, मध्येच काही सेकंद नजर एका जागी खिळून बोलणं तुटतं का, आणि फिट सुरू होताना मान-डोळे किंवा हात एका बाजूला ओढले जातात का. शेवटची खूण मेंदूच्या एकाच भागातून सुरू होणाऱ्या फिटची. मोबाईलवर काढलेला व्हिडिओ असेल तर उत्तम, चेहरा आणि दोन्ही हात दिसतील असा.

आणखी एक. चक्कर येऊन पडणं आणि मानसिक ताणातून येणारे फिटसारखे झटके यांनाही वर्षानुवर्षं फिटच्या गोळ्या दिल्या जातात. तिथे त्यांचा उपयोग होत नाही, त्रास मात्र पूर्ण होतो.

शेवाळ

एकच फिट आली असेल तर लगेच गोळी सुरू करायची का? नातेवाईक इथेच अडतात. एक डॉक्टर म्हणतात थांबू, दुसरे म्हणतात आजपासून घ्या.

मेंदूवाट

दोघेही आपापल्या जागी बरोबर असू शकतात. सोडियम घसरल्यामुळे, साखर कमी झाल्यामुळे, दारू एकदम सोडल्यामुळे आलेली फिट म्हणजे अपस्मार नव्हे. ते कारण दुरुस्त करायचं. असं काही कारण नसताना एकच फिट आली असेल तर एमआरआय आणि ईईजी बघतात. मेंदूत व्रण, गाठ, जुन्या स्ट्रोकची खूण असेल किंवा ईईजीत अपस्माराच्या लहरी असतील, तर पुढच्या दहा वर्षांत फिट पुन्हा येण्याचा धोका ६० टक्क्यांच्या वर जाऊ शकतो. २०१४ च्या व्याख्येनुसार एवढा धोका असला की एका फिटनंतरही अपस्मार म्हणतात आणि औषध सुरू करतात.

दोन्ही तपासण्या स्वच्छ असतील तर थांबता येतं. २००५ मध्ये आलेल्या ब्रिटनमधल्या मोठ्या चाचणीत लगेच औषध सुरू केलेल्यांना पहिल्या दोन वर्षांत फिट कमी आल्या, पण लांबच्या पल्ल्यात दोन्ही गट सारखेच राहिले. थोडं थांबल्याने आजार हट्टी होत नाही. पण रोज उंचीवर किंवा यंत्रावर काम करणाऱ्याला दुसरी फिट जिवावर बेतू शकते, त्याचा हिशेब वेगळा.

कस्तुरी_फार्मा

निवडीबद्दल २०२१ ची एसएएनएडी-२ चाचणी कामाची आहे. एका भागातून सुरू होणाऱ्या फिटच्या ९९० रुग्णांमध्ये लॅमोट्रिजिन, लेव्हेटिरासेटाम आणि झोनिसामाइड यांची तुलना झाली, आणि सगळं जमेस धरता लॅमोट्रिजिन सरस ठरलं. एकाच वेळी पूर्ण मेंदूत पसरणाऱ्या किंवा प्रकार न ठरलेल्या फिटच्या ५२० रुग्णांमध्ये व्हॅल्प्रोएट लेव्हेटिरासेटामपेक्षा सरस ठरलं.

आपल्याकडे मात्र हल्ली सरसकट लेव्हेटिरासेटाम लिहिलं जातं. त्यामागे कारण आहे: पहिल्या दिवसापासून पुरेसा डोस देता येतो, इतर औषधांशी फारसं भांडण नाही, लिव्हरवर भार नाही. मूत्रपिंडातून बाहेर पडत असल्याने क्रिएटिनिन वाढलेलं असेल तर डोस कमी करायचा, एवढं पाहावं लागतं. खरा त्रास स्वभावात दिसतो. चिडचिड, रागाचे झटके, उदासी. लहान मुलं वस्तू फेकू लागतात, आणि शाळेतून तक्रार आल्यावर घरचे मुलाला रागावतात. गोळी सुरू झाल्याची आणि चिडचिड सुरू झाल्याची तारीख शेजारी शेजारी लिहून बघा. जुळली तर डॉक्टरांना सांगा. उदासी खोल जात असेल, जगणं नको असं बोलणं होत असेल, तर पुढच्या तारखेची वाट बघायची नाही, त्याच दिवशी फोन करायचा.

शेवाळ

लॅमोट्रिजिन इतकं चांगलं, मग सगळे का देत नाहीत?

कस्तुरी_फार्मा

कारण ते सावकाश चढवावं लागतं आणि इथेच चुका होतात. मोठ्या माणसाला एकटंच द्यायचं असेल तर पहिले २ आठवडे रोज २५ मिग्रॅ, पुढचे २ आठवडे रोज ५० मिग्रॅ, मग दर एक-दोन आठवड्यांनी ५० ते १०० ने वाढ, असं करत बहुतेक १०० ते २०० वर थांबतात. रुग्ण आधीपासून व्हॅल्प्रोएटवर असेल तर वेग निम्मा: २५ मिग्रॅ दिवसाआड २ आठवडे, मग रोज २५ मिग्रॅ २ आठवडे. व्हॅल्प्रोएट लॅमोट्रिजिनला शरीरातून बाहेर पडू देत नाही, त्यामुळे तोच डोस दुप्पट पडतो. कार्बामॅझेपिन, फेनिटॉइन, फेनोबार्बिटोन सोबत असेल तर उलट. ती औषधं त्याला झपाट्याने संपवतात, म्हणून सुरुवातच ५० पासून.

घाई केली की अंगावर पुरळ येतं. बहुतेकदा ते साधं असतं, पण थोड्या लोकांत स्टीव्हन्स-जॉन्सन नावाचा जीवघेणा प्रकार होतो, आणि तो मुख्यतः पहिल्या ८ आठवड्यांत. पुरळासोबत ताप, तोंडात फोड, लाल डोळे, दुखणारी किंवा सुटणारी कातडी यांपैकी काहीही दिसलं तर पुढची गोळी घ्यायची नाही आणि थेट इस्पितळ गाठायचं.

एक गोष्ट दुकानात कुणी सांगत नाही. चार-पाच दिवसांहून जास्त गोळ्या चुकल्या असतील तर जुना डोस तसाच पुन्हा घेऊ नये. पुन्हा २५ पासून चढावं लागू शकतं. गावाला जाताना गोळ्या विसरून आठवड्याने परतलेला माणूस थेट २०० घेतो, आणि पुरळाचा धोका पुन्हा पहिल्यासारखा होतो.

तिशी_पलीकडे

मग ते पाच-सहा आठवडे फिट येत राहिल्या तर?

मेंदूवाट

तेवढ्यापुरतं रात्री क्लोबाझाम ५ किंवा १० मिग्रॅ देऊन झाकतात आणि लॅमोट्रिजिन पुरेसं चढलं की हळूहळू काढतात. ते काढायचं राहून जातं ही खरी अडचण. क्लोबाझामची सवय होते, काही महिन्यांत जोर ओसरतो, आणि एकदम बंद केलं तर फिट उसळतात. प्रिस्क्रिप्शनवर सुरू करतानाच "कधी काढायचं" हे लिहून घ्या.

कार्बामॅझेपिनबद्दलही पुरळाचीच सूचना. एचएलए-बी*१५०२ हा जनुक-प्रकार असलेल्यांत त्याने स्टीव्हन्स-जॉन्सनचा धोका खूप वाढतो. हान चिनी आणि आग्नेय आशियाई लोकांत तो जास्त, भारतीयांतही आढळतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००७ मध्ये आशियाई वंशाच्या लोकांत ही चाचणी आधी करायला सांगितलं. चाचणी होत नसेल तर पहिले तीन महिने डोळ्यांत तेल घालून बघणं आलंच. वय झालेल्यांत कार्बामॅझेपिनने, त्याहून जास्त ऑक्सकार्बाझेपिनने, सोडियम घसरतं. रक्तदाबासाठी पाणी उतरवणारी गोळी चालू असेल तर आणखी. गोंधळलेपणा, तोल जाणं दिसलं तर आधी सोडियम तपासा. कमी सोडियमनेही फिट येते, आणि ती आली म्हणून त्याच औषधाचा डोस वाढवला की दुष्टचक्र सुरू.

रसशाळा

व्हॅल्प्रोएटवर सविस्तर लिहायला हवं.

सगळ्या मेंदूत पसरणाऱ्या फिटसाठी त्याच्या तोडीचं औषध नाही. पण गर्भावर त्याचा परिणाम भयंकर आहे. गरोदरपणात व्हॅल्प्रोएट घेतलेल्या दर १०० जणींमागे सुमारे १० बाळांत जन्मजात व्यंग असतं, एरवी हे प्रमाण २-३ असतं. पाठीचा कणा नीट न जुळणं, हृदयातले दोष, दुभंगलेला टाळू यांत येतात. त्याशिवाय १०० पैकी ३० ते ४० मुलांच्या बोलण्यात, शिकण्यात, वागण्यात अडचणी राहतात. डोस वाढेल तसा व्यंगाचा धोका वाढतो. कणा पहिल्या काही आठवड्यांतच घडतो, म्हणजे पाळी चुकल्याचं कळेपर्यंत उशीर झालेला असतो.

ब्रिटनमध्ये जानेवारी २०२४ पासून ५५ वर्षांखालच्या कुणालाही, स्त्री असो वा पुरुष, दोन तज्ज्ञांच्या संमतीशिवाय व्हॅल्प्रोएट नव्याने सुरू करत नाहीत. टोपिरामेट या फिटच्या दुसऱ्या औषधावरही २०२४ मध्येच तिथे बंधनं आली.

आपल्याकडे बारा-तेरा वर्षांच्या मुलीला व्हॅल्प्रोएट सुरू होतं, फिट थांबतात, सगळे निश्चिंत होतात आणि तीच गोळी लग्नापर्यंत चालते. सासरी आजार सांगितलेला नसतो. गोळ्या कपाटात साड्यांखाली जातात, सकाळचा डोस पाहुण्यांसमोर घेता येत नाही. दिवस राहिल्याचं कळतं तेव्हा कुणीतरी गोळी एकदम बंद करायला सांगतं आणि मोठी फिट येते, जी आई आणि बाळ दोघांनाही घातक. अपस्माराचा उल्लेख हिंदू विवाह कायद्यातून १९९९ च्या दुरुस्तीने गेला, लग्न रद्द करायला तो आधार उरलेला नाही, पण लपवाछपवी चालूच आहे आणि तिची किंमत डोस चुकण्यात मोजावी लागते.

मुलगी पंधरा-सोळाची होईपर्यंत डॉक्टरांना थेट विचारा: हे औषध बदलता येईल का? बदलायचंच तर लग्नाच्या बोलण्यांआधी, पुरेसा वेळ हाताशी ठेवून. लॅमोट्रिजिन आणि लेव्हेटिरासेटाम यांवर व्यंगाचं प्रमाण सर्वसाधारण लोकसंख्येच्या जवळ राहतं.

सायली_एन

ताई असोत वा घरातले कुणी, गरोदरपणाबद्दल एवढं लक्षात ठेवा: दिवस राहिले म्हणून फिटची कोणतीही गोळी स्वतःहून बंद करायची नाही. फोलिक ॲसिड दिवस राहण्याआधीपासून, फिटच्या औषधांवर असणाऱ्यांना बहुधा रोज ५ मिग्रॅची गोळी देतात.

लॅमोट्रिजिन घेणारीच्या रक्तातली पातळी गरोदरपणात झपाट्याने उतरते, म्हणून डोस वाढवावा लागतो. बाळंतपणानंतर तीच पातळी काही दिवसांत वर उसळते. वाढवलेला डोस उतरवायचं राहिलं तर दोन-दोन दिसणं, गरगरणं, उलट्या सुरू होतात आणि घरी सगळं "बाळंतिणीचा अशक्तपणा" म्हणून सोडून दिलं जातं. डोस कसा उतरवायचा ते बाळंतपणाच्या आधीच कागदावर लिहून घ्यावं. बहुतेक औषधांवर अंगावर पाजता येतं. बाळंतिणीची झोप मात्र सांभाळायलाच हवी, रात्रीचं एखादं पाजणं दुसऱ्या कुणी वाटी-चमच्याने केलं तर सलग झोप मिळते. बाळाला आंघोळ एकटीने घालू नये.

पाळणा लांबवण्याच्या गोळ्या कार्बामॅझेपिन, फेनिटॉइन, फेनोबार्बिटोनसोबत भरवशाच्या राहत नाहीत. तांबी चालते. उलट इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्यांनी लॅमोट्रिजिनची पातळी निम्म्यापर्यंत उतरू शकते. स्त्रीरोगतज्ज्ञांना फिटच्या गोळीचं नाव सांगितल्याशिवाय ही चिठ्ठी घेऊ नका.

तिशी_पलीकडे

आणि पुरुष?

रसशाळा

गर्भधारणेआधीच्या तीन महिन्यांत वडील व्हॅल्प्रोएटवर असतील तर मुलाच्या मेंदूच्या वाढीवर थोडा परिणाम होऊ शकतो, असा इशारा युरोपच्या औषधसंस्थेने २०२४ च्या सुरुवातीला दिला. आईच्या बाबतीतल्या धोक्यापेक्षा तो खूपच कमी आहे आणि पूर्ण सिद्धही झालेला नाही. मूल होऊ देण्याआधी बोलून घ्यावं इतपत तो महत्त्वाचा आहे.

पाटी_पेन्सिल

फेनिटॉइन अजून निम्म्या महाराष्ट्रात चालतं, त्याबद्दल कुणी बोललं नाही. १९३८ पासूनचं औषध, स्वस्त, कुठेही मिळतं, पण डोस वाढवताना त्याचं त्रैराशिक चालत नाही. ते मोडणारी लिव्हरमधली यंत्रणा एका मर्यादेनंतर भरून जाते, मग थोडासा जास्त डोसही रक्तात साठत जातो. ३०० मिग्रॅवर पातळी १२ असलेल्या माणसाला ४०० दिले तर ती १६ व्हायला हवी असं वाटतं. प्रत्यक्षात ती ३० च्याही पुढे जाऊ शकते. हवी ती पातळी १० ते २० मायक्रोग्रॅम प्रति मिली. म्हणून वरच्या टप्प्यात २५ किंवा ५० ची वाढ, आणि दोन-तीन आठवडे थांबून, सकाळच्या गोळीआधी रक्त देऊन पातळी.

पातळी चढली की डोळे आडवे थरथरतात, चालताना झोक जातो, जीभ जड होते. घरच्यांना वाटतं दारू प्यायला. खूप चढली तर फिटही वाढतात. आणि एक बारकावा: रक्तात औषधाला धरून ठेवणारं अल्ब्युमिन हे प्रथिन कमी असेल तर रिपोर्टमधली एकूण पातळी कमी दिसते, पण मोकळं औषध पुरेसं असतं. रिपोर्ट बघून डोस वाढवला की विषबाधा.

वर्षानुवर्षं घेतल्यावर हिरड्या फुगणं, अंगावर लव वाढणं, हाडं ठिसूळ होणं हे ठरलेले त्रास. दात दोनदा घासा, व्हिटॅमिन डी तपासून घ्या. तरुण मुलींना हे औषध मी सुचवणार नाही.

कस्तुरी_फार्मा

कंपनी बदलण्याबद्दल इथेच लिहिते. ऑस्ट्रेलियात १९६८ च्या सुमारास फेनिटॉइनच्या कॅप्सूलमधला भरणीचा पदार्थ कॅल्शियम सल्फेटऐवजी लॅक्टोज केला गेला. औषध तेच, मिलिग्रॅम तेवढेच, आणि लोकांना विषबाधेची लक्षणं दिसू लागली, कारण नव्या भरणीतून औषध जास्त शोषलं जात होतं.

याचा अर्थ जेनेरिक वाईट असा अजिबात नाही. जनऔषधी केंद्रातली गोळी नीट घेणं हे महाग गोळी परवडत नाही म्हणून दिवसाआड घेण्यापेक्षा लाखपटीने चांगलं. ब्रिटनमधली विभागणी मला व्यवहार्य वाटते: फेनिटॉइन, कार्बामॅझेपिन, फेनोबार्बिटोन यांत एकदा जी कंपनी धरली ती सोडू नये. लॅमोट्रिजिन, व्हॅल्प्रोएट यांत डॉक्टरांनी रुग्ण बघून ठरवावं. लेव्हेटिरासेटाममध्ये कंपनी बदलली तरी चालते. दुकानदाराने "तेच आहे, दुसऱ्या कंपनीचं" म्हटलं की पट्टीवरची मिलिग्रॅम आणि "सीआर", "क्रोनो" ही अक्षरं (हळूहळू विरघळणाऱ्या गोळीची खूण) ताडून बघा. साधी गोळी आणि हळूहळू विरघळणारी गोळी यांची अदलाबदल हाच जास्त नुकसानीचा प्रकार आहे. सीआर गोळी मधोमध खाच असेल तर अर्धी करता येते, कुटून किंवा चावून घ्यायची नाही.

समुद्रपक्षी

पावसाळ्याचं कुणी लिहीत नाही म्हणून लिहितो. कार्बामॅझेपिनची गोळी दमट हवेत ओल धरून टणक होते आणि नीट विरघळत नाही. ताकद एक तृतीयांशपर्यंत घटू शकते, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९९० मध्येच दिला होता. कोकणात, गोव्यात जून ते सप्टेंबर गोळ्या मोरीच्या फळीवर किंवा स्वयंपाकघरात गॅसच्या वर ठेवल्या तर हेच होणार. व्हॅल्प्रोएटची गोळीही ओल ओढते, पट्टीतून काढून आठवड्याच्या डबीत भरून ठेवली तर चिकट होते. डबी हवीच असेल तर पट्टी गोळीगणिक कात्रीने कापून, वेष्टनासकट भरा.

सिरपबद्दल: फेनिटॉइनचं सिरप तळाशी बसतं. न हलवता दिलं तर बाटलीच्या सुरुवातीला मुलाला औषध कमी आणि शेवटी जास्त जातं. महिन्याच्या शेवटी मूल झोक खातं ते यामुळेही असू शकतं. चमचा नको, सुई नसलेली सिरिंज वापरा. आणि चिठ्ठीवर मिली आणि मिग्रॅ दोन्ही लिहून घ्या. नुसतं "५" लिहिलं असेल तर विचारल्याशिवाय देऊ नका.

पाटी_पेन्सिल

टीबीच्या औषधांचा मुद्दा आपल्याकडे फार मोठा आहे. रिफाम्पिसिन सुरू झालं की आठवड्या-दोन आठवड्यांत लॅमोट्रिजिन, व्हॅल्प्रोएट, कार्बामॅझेपिन, फेनिटॉइन सगळ्यांची पातळी उतरू शकते. सोबतचं आयसोनायझिड फेनिटॉइन आणि कार्बामॅझेपिन चढवतं. दोन्ही एकत्र असताना काय होईल ते आधी सांगता येत नाही, पातळी मोजावी लागते. टीबीचा कोर्स संपल्यावर उलटा प्रवास: रिफाम्पिसिनचा जोर साधारण दोन आठवड्यांत ओसरतो आणि वाढवून ठेवलेला डोस जास्त पडू लागतो. टीबी केंद्रावर फिटच्या गोळ्या आणि न्यूरॉलॉजिस्टकडे टीबीच्या गोळ्या, दोन्हीकडे दोन्ही पट्ट्या दाखवा. लेव्हेटिरासेटामला याची झळ सगळ्यांत कमी.

इस्पितळात दाखल असताना मेरोपेनेम सलाईनमधून दिलं तर व्हॅल्प्रोएटची पातळी एक-दोन दिवसांत कोसळते आणि व्हॅल्प्रोएट वाढवूनही सावरत नाही. दुसरं अँटिबायोटिक किंवा दुसरं फिटचं औषध, यांतलं एक करावं लागतं. नातेवाइकांनी आयसीयूत विचारायला संकोच करू नये. क्लॅरिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकने कार्बामॅझेपिन चढतं. ट्रामाडॉलने फिट येऊ शकते, आणि ते पाठदुखीला सर्रास दिलं जातं.

ऑपरेशनआधी "उपाशीपोटी या" म्हटलं की लोक सकाळची फिटची गोळीही टाळतात. भूलतज्ज्ञांना आदल्या दिवशी विचारा, बहुतेक वेळा घोटभर पाण्यासोबत ती घ्यायलाच सांगतात. एकादशी-नवरात्रात उपास करा, गोळी चुकवू नका. जागरणाने फिट येणाऱ्यांनी गरबा आणि विसर्जनाची रात्र विचार करूनच.

शेवाळ

घरी फिट सुरू झाली तर नाकातला स्प्रे कसा वापरायचा, ते कुणी नीट लिहाल का?

सायली_एन

आधी घड्याळ बघा. बहुतेक फिट दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबतात. माणसाला कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काही ठेवा, चष्मा काढा. कांदा, चप्पल, चमचा, पाणी, किल्ली काहीही तोंडाशी-नाकाशी न्यायचं नाही.

पाच मिनिटं झाली की मिडाझोलामचा स्प्रे. डोस दर किलोला ०.२ मिग्रॅ, जास्तीत जास्त १० मिग्रॅ. इथे मोठी गफलत होते: बाजारात एका फवाऱ्यात ०.५ मिग्रॅ देणारी आणि १.२५ मिग्रॅ देणारी अशा दोन्ही बाटल्या आहेत. १५ किलोच्या मुलाला ३ मिग्रॅ हवेत, म्हणजे ०.५ च्या बाटलीतून ६ फवारे, प्रत्येक नाकपुडीत ३. हेच ६ फवारे १.२५ च्या बाटलीतून गेले तर साडेसात मिग्रॅ होतात आणि श्वास मंदावू शकतो. त्या बाटलीचे २ फवारे पुरतात. नवी बाटली आणली की ताकद वाचा आणि बाटलीवरच मार्करने "इतके फवारे" लिहून ठेवा. मुलाचं वजन वाढलं की आकडा बदला.

वापरण्याआधी हवेत दोन-तीनदा दाबून धुकं येतंय ना ते बघा. फवारे आळीपाळीने दोन्ही नाकपुड्यांत, म्हणजे औषध घशात ओघळत नाही. शाळेच्या दप्तरात एक बाटली, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी. स्प्रेने फिट थांबली नाही, एकामागून एक येऊ लागल्या, श्वास नीट वाटत नाही किंवा फिट पाण्यात आली, तर १०८. दुसरा डोस डॉक्टरांनी आधी लिहून दिला असेल तरच.

मेंदूवाट

गोळ्या बंद कधी करायच्या, हे राहिलं. दोन वर्षं फिट आली नाही की विषय काढता येतो. १९९१ साली ब्रिटनमध्ये १,०१३ रुग्णांवर हे तपासलं: गोळ्या चालू ठेवलेल्यांपैकी ७८ टक्के पुढची दोन वर्षं फिटमुक्त राहिले, कमी करत बंद केलेल्यांपैकी ५९ टक्के. म्हणजे बंद करून निम्म्याहून जास्त लोक ठीक राहतात, आणि चालू ठेवूनही सगळे राहत नाहीत. वर सांगितलेल्या सकाळच्या हिसक्यांच्या अपस्मारात बहुतेकांना गोळी आयुष्यभर लागते. उतरवण्याचा काळ किमान दोन-तीन महिने, क्लोबाझाम आणि फेनोबार्बिटोनला त्याहून बराच जास्त. एका वेळी एकच औषध. त्या काळात गाडी, विहिरीवर पोहणं, गच्चीच्या कठड्याजवळचं काम बंद.

आपल्याकडे फिटचं एक नेहमीचं कारण मेंदूत बसलेली फीतकृमीची अळी. एकच गाठ असेल तर अल्बेंडाझोल दिवसाला दर किलोला १५ मिग्रॅ, एक-दोन आठवडे, सोबत स्टिरॉइड. गाठी खूप असतील किंवा मेंदूला सूज असेल तर हेच औषध आधी दिल्याने सूज वाढते, म्हणून स्कॅन बघितल्याशिवाय जंताच्या गोळ्या सुरू करायच्या नाहीत. फेनिटॉइन आणि कार्बामॅझेपिन अल्बेंडाझोलची पातळी उतरवतात. गाठ पूर्ण विरघळली, जागी चुन्याचा ठिपका राहिला नाही आणि सहा महिने फिट आली नाही, तर गोळी उतरवण्याचा विचार करता येतो. ठिपका राहिला तर जास्त काळ.

पाटी_पेन्सिल

एक पुरवणी. "आयुर्वेदिक" म्हणून पोस्टाने येणाऱ्या बेनामी पुड्यांत फेनोबार्बिटोन सापडल्याच्या नोंदी आहेत. पुडीने फिट थांबतात ते त्यामुळे. डोस अज्ञात, पुडी संपली की अचानक बंद, आणि मग न थांबणाऱ्या फिट. अशी पुडी चालू असेल तर ती एकदम टाकून देऊ नका, सोबत घेऊन न्यूरॉलॉजिस्टकडे जा. रक्तातली फेनोबार्बिटोनची पातळी मोजली की उलगडा होतो आणि मग रीतसर उतरवता येतं.

कस्तुरी_फार्मा

कुठल्याही गोळीचा त्रास झाला, तर डॉक्टरांना सांगून झाल्यावर भारत सरकारच्या औषधदक्षता कार्यक्रमाच्या १८००-१८०-३०२४ या मोफत क्रमांकावर नोंदवा. रुग्ण किंवा नातेवाईक स्वतः नोंदवू शकतात. फोन करताना पट्टी हातात ठेवा. औषधाचं नाव, कंपनी, बॅच क्रमांक, सुरू केल्याची तारीख आणि त्रास सुरू झाल्याची तारीख सांगितलीत तर ती नोंद उपयोगी पडते. म्हणून शेवटची गोळी काढेपर्यंत बॅच क्रमांकाचा कोपरा फाडायचा नाही, गोळ्या पट्टीच्या दुसऱ्या टोकाकडून काढत या.